‘सांगणे’ आणि ‘कळणे’ : मुलांना एच.आय.व्ही.चे निदान सांगण्याच्या भाषेची चिकित्सा

१

एखादी गोष्ट कोणी सांगणे आणि ती गोष्ट कळणे या दोन क्रियांत मराठी भाषेने स्पष्ट भेद केलेला आहे. ‘आईने मुलाला सांगितले’ या वाक्यात सांगणारा कर्ता आहे, सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि कोणास सांगितले हेही निश्चित आहे. ‘मुलाला कळले’ या वाक्यात मूल चतुर्थीत उभे आहे. कळण्याची क्रिया त्याच्या ठायी घडली खरी. परंतु ती कोणी घडविली आणि कशी घडविली, याविषयी वाक्य मौन पाळते. या दोहोंच्या जोडीला ‘कळविणे’ हे तिसरे क्रियापद आहे. ते आता मुख्यत्वे कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात उरले असून ‘आपणास कळविण्यात येते की’ या त्याच्या रूढ रूपात कळविणारी व्यक्ती कोठेच दिसत नाही.

ज्या मुलांना जन्मतःच आईकडून एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला, त्यांना त्यांचे निदान केव्हा, कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगावे हा प्रश्न वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांच्या कक्षेतील समजला जातो. तो तसा आहेही. तथापि जी कृती सर्वस्वी शब्दांनीच घडते, तिचा विचार शब्दांच्या अभ्यासकाने टाळावा, हे योग्य नव्हे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही उक्ती या केवळ वर्णन नसून कृती असतात, हे दाखवून दिले. निदान सांगणे ही अशीच एक कृती होय. तिच्यायोगे मुलाचे घरातील, दवाखान्यातील आणि स्वतःच्या मनातील स्थान बदलते. प्रस्तुत लेखात या कृतीसाठी मराठीत उपलब्ध असलेल्या भाषासाधनांची चिकित्सा करावयाची आहे; आणि ही साधने ज्या बोलीत वापरली जातात तिचा विचार सुटू नये म्हणून वारणानगर व भोवतालच्या वारणा खोऱ्यातील शब्दव्यवहार दृष्टीसमोर ठेवावयाचा आहे.

२

प्रथम या प्रश्नाचे आजचे स्वरूप पाहू. भारतातील एच.आय.व्ही. संसर्गाचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून पुढे आला. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येईल असा उपचार नव्हता. त्या काळात मुलाला निदान सांगणे म्हणजे मरण सांगणे, असाच अर्थ घरातील माणसे करीत, आणि तो अर्थ चुकीचा नव्हता. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विषाणुरोधक औषधे निवडक केंद्रांतून विनामूल्य देण्यास आरंभ केला. ३० नोव्हेंबर २००६ रोजी मुलांच्या उपचाराचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून सांगावयाच्या गोष्टीचा आशयच पालटला. जे मरणाचे भाकीत होते ते आता आयुष्यभर पाळावयाच्या औषधाचे वृत्त झाले.

याचा एक परिणाम असा, की पूर्वी जी मुले बाल्यातच दगावत, ती आता वयात येऊ लागली. मूल वाढले म्हणूनच सांगण्याचा प्रश्न उभा राहिला. एका अर्थाने तो उपचाराच्या यशातून जन्मलेला प्रश्न आहे. कोणतीही उपाययोजना न केल्यास आईकडून मुलास संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते, आणि योग्य उपचाराने ते शेकडा ५ च्या खाली आणता येते. त्यामुळे नव्याने बाधित होणारी मुले कमी होत जातील. परंतु जी आज बारा-पंधरा वर्षांची आहेत, त्यांच्यापुरता हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या विषयावरील तज्ज्ञांचे मत आता बरेचसे स्थिर झाले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ मध्ये शालेय वयाच्या मुलांना निदान सांगण्यास प्रोत्साहन द्यावे आणि किशोरवयीनांना ते माहीत असलेच पाहिजे, अशी भूमिका घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात शालेय वयातील मुलांना त्यांची स्थिती सांगावी, त्याहून लहान मुलांना त्यांच्या आकलनाच्या बेताने टप्प्याटप्प्याने सांगत जावे, असे म्हटले आहे. सांगितल्याने आरोग्याला लाभ होतो याला पुरावा आहे आणि मानसिक हानी होते याला फारसा पुरावा नाही, हा तिचा निष्कर्ष होय. मतभेद ‘सांगावे की नाही’ याविषयी उरलेला नाही. अडचण आहे ती ‘कसे’ या शब्दापाशी, आणि मार्गदर्शिका नेमकी तेथेच संक्षिप्त होते.

३

दवाखान्यातील संवादाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. उपचारकेंद्रातील खोलीत बहुधा तीन माणसे असतात : समुपदेशक, मुलाला घेऊन आलेली आजी, आई किंवा मामा, आणि स्वतः मूल. समुपदेशक आजीला ‘तुम्ही’ म्हणतो, आजी त्याला ‘सायेब’ म्हणते, आणि समोर बसलेल्या मुलाचा उल्लेख दोघेही ‘तो’ या सर्वनामाने करतात. ‘त्यो गोळ्या येळेवर घेतोय का?’ ‘घेतोय की, पर इचारतोय, कशाच्या म्हणून.’ ज्याच्या देहाविषयी हा सारा संवाद चालतो, तो स्वतः तृतीयपुरुषी असतो. तो ऐकत असतो, परंतु त्याला उद्देशून कोणी बोलत नसते.

निदान सांगण्याचा क्षण म्हणजे, व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, तृतीयपुरुषातून द्वितीयपुरुषात होणारे संक्रमण होय. ‘त्याला’ या शब्दाच्या जागी ‘तुला’ हा शब्द येतो. हे संक्रमण एका बैठकीत उरकता येत नाही, कारण अनेक वर्षे ‘तो’ राहिलेले मूल एका वाक्याने ‘तू’ होत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने सांगण्याचा जो उपदेश मार्गदर्शिकेत आहे, त्याचा आरंभ रोगाच्या नावापासून करण्याचे कारण नाही. ‘तुला गोळीची चव आवडत नाही ना?’, ‘तुला काय वाटतं, ही गोळी कशाला असते?’ असे प्रश्न प्रत्यक्ष मुलाला विचारले जाऊ लागले, की सांगण्याचा पहिला टप्पा सुरू झाला असे समजावे. पुढे जेव्हा ते मूल ‘मला एच.आय.व्ही. आहे’ हे वाक्य स्वतः उच्चारू शकते, तेव्हा ते प्रथमपुरुषात येते. सांगण्याची परिपूर्ती या वाक्यात आहे. ते कोणापुढे उच्चारावे आणि कोणापुढे उच्चारू नये हे ठरविण्याचा अधिकारही त्याच्याबरोबरच येतो.

येथे मराठीपाशी एक असे साधन आहे की जे इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांच्या कर्त्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला आपल्यात घेते. जी आई स्वतःही उपचार घेत आहे, तिला ‘आपण दोघं बी गोळ्या घेतो’ हे वाक्य उपलब्ध आहे. या एका सर्वनामात आईच्या आजाराचे वृत्त आहे आणि मूल एकटे नाही ही ग्वाहीही आहे. ज्या मार्गदर्शिका मराठीत भाषांतरित होतात त्यांत मात्र ‘आपल्या पाल्यास त्याच्या स्थितीची माहिती द्यावी’ अशा स्वरूपाची रचना आढळते. तेथे ‘आपण’ हा शब्द केवळ आदरार्थी उरतो आणि त्याचा समावेशक अर्थ नाहीसा होतो.

४

आता शब्दांकडे वळावे. शासकीय व निमशासकीय मराठीत या कृतीला ‘उघड करणे’ किंवा ‘प्रकटीकरण’ असे शब्द योजले जातात. मराठीत जे उघड केले जाते ते कट, गुन्हा किंवा गुपित असते. या क्रियापदाचे कर्म नेहमीच काहीतरी लाजिरवाणे असते. मुलाचा आजार या क्रियापदाचे कर्म झाला, की तो न बोलताच अपराधाच्या पंक्तीला जाऊन बसतो. त्यापेक्षा ‘सांगणे’ हा साधा शब्द सर्वथा श्रेयस्कर होय.

‘एच.आय.व्ही.बाधित’ हा शब्द आता सर्वमान्य झाला आहे, आणि ‘एड्सग्रस्त’ या जुन्या शब्दाहून तो सौम्य आहे यात शंका नाही. परंतु खेड्यातील मुलाच्या कानावर ‘बाधा’ हा शब्द प्रथम कोठून येतो? विषबाधा, भूतबाधा, ‘भायेरची बाधा’ या शब्दांतून. बाधा ही बाहेरून येते, देहात शिरते आणि ती कोणीतरी उतरवावयाची असते. उतारा झाला की ती जाते. नियमित औषधाने काबूत राहणाऱ्या, परंतु देहातून न जाणाऱ्या विषाणूचे हे वर्णन होऊ शकत नाही. ‘ग्रस्त’ या शब्दाचेही असेच आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीच्या मुलांना ‘पूरग्रस्त’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. पूर ओसरतो आणि पूरग्रस्त पुन्हा गावकरी होतो. एड्सग्रस्ताला मात्र हा शब्द परतीची वाट ठेवीत नाही.

‘लागण’ या शब्दाची कथा याहून वेगळी आहे. वारणा खोऱ्यातील मुलाला हा शब्द रोगाच्या अर्थाने कळण्यापूर्वी उसाच्या संदर्भात कळलेला असतो. आडसाली लागण, सुरू लागण, लागणीचा ऊस आणि त्यानंतरचा खोडवा, हे शब्द घराघरांत बोलले जातात. सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वारणानगरात तर पंचांगाइतकेच महत्त्व लागणीच्या तारखेला आहे. येथे लागण ही करावयाची गोष्ट आहे; तिला जोपासना आहे आणि हंगाम आहे. त्यामुळे ‘तुला लागण झाली आहे’ हे वाक्य या भागात जितके निरुपद्रवी वाटते, तितकेच ते संदिग्धही आहे. रोगाच्या अर्थी ‘लागण’ म्हणताच एकाची दुसऱ्याला होणारी साथ सूचित होते, आणि शिवल्याने रोग जडतो या खोट्या समजुतीला बळ मिळते. स्पर्शाने, एकत्र जेवण्याने किंवा एका बाकावर बसण्याने एच.आय.व्ही. पसरत नाही, हे सांगण्यासाठी ‘लागण’ हा शब्द अपुरा आहे.

‘पॉझिटिव्ह’ या परकीय शब्दाने निराळाच घोटाळा केला आहे. शाळेत मुलाला सकारात्मक राहण्याचा उपदेश केला जातो आणि दवाखान्यात तोच शब्द अशुभ ठरतो. उलटपक्षी ‘निदान’ हा आपला जुना शब्द पाहण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण असा आहे, आणि ‘माधवनिदान’ या ग्रंथाच्या नावात तो रोगमीमांसेच्या अर्थाने येतो. मराठीत त्याला ‘किमानपक्षी’ असाही अर्थ प्राप्त झाला. महेश मांजरेकर यांनी २००० साली दिग्दर्शित केलेल्या, रक्त चढविताना संसर्ग झालेल्या तरुण मुलीच्या कथेवरील हिंदी चित्रपटाचे नावही ‘निदान’ हेच आहे. मराठी कानाला त्या नावात दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. मूलही हेच म्हणत असते : बाकी काही करता आले नाही, तरी निदान मला सांगा.

५

शब्दांइतकेच महत्त्व रूपकांना आहे. लहान मुलांना समजावून देताना सर्वत्र एक रूपक वापरले जाते. रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, विषाणू म्हणजे शत्रू, आणि औषध म्हणजे शत्रूला झोपवून ठेवणारे अस्त्र. हे रूपक सोपे आहे, चित्रमय आहे, आणि रोगाचे नाव न घेता औषधाचे कारण सांगण्याची सोय त्यात आहे. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु सूझन सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये एड्सविषयक पुस्तकात रोगाच्या युद्धरूपकांवर जी टीका केली, ती येथे आठवावी लागते. युद्ध म्हटले की जय आणि पराजय आला. तपासणीत विषाणूंचे प्रमाण वाढलेले आढळले तर मूल काय समजेल? आपले सैनिक हरले, म्हणजे आपण कमी पडलो, असेच ना? वस्तुतः ते प्रमाण पुष्कळदा मुलाच्या दोषाविना वाढते. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंब गाव सोडून गेलेले असते, गोळ्या संपलेल्या असतात, किंवा जुन्या औषधाला विषाणू दाद देईनासा झालेला असतो. याहून बिकट प्रश्न असा, की शत्रू आला कोठून? उत्तर ‘आईकडून’ असे आहे. युद्धाच्या रूपकात हे उत्तर देता येत नाही. दिले तर आई शत्रूच्या बाजूची ठरते.

म्हणून कोणत्याही रूपकाची कसोटी त्याच्या सोपेपणावर ठरवू नये. त्यानंतर मुलाला पुढचा प्रश्न विचारता येतो की नाही, यावर ती ठरवावी. या कसोटीने पाहता आपल्या घरगुती भाषेतील ‘पथ्य’ हा शब्द अधिक समर्थ वाटतो. पथ्य हे आयुष्यभराचे असू शकते. ते पाळण्यात अप्रतिष्ठा नाही. मोडले तर त्रास होतो, परंतु पुन्हा धरता येते. आजोबांना मधुमेहाचे पथ्य असते, आईला गोळ्यांचे, आणि मुलालाही. शेतकऱ्याच्या घरात ‘राखण’ हा शब्दही असाच अर्थपूर्ण आहे. उभ्या पिकाची राखण रोज करावी लागते. एक दिवस चुकला म्हणून शेत गेले असे होत नाही. पण राखण सोडून दिली तर पीक हाती लागत नाही. ‘ही पाखरं कुठून आली?’ असा प्रश्न मुलाने विचारला तर त्याचे उत्तर कोणालाही दोषी न ठरविता देता येते. अर्थात ही रूपकेही पायरीपुरतीच होत. बारा वर्षांच्या मुलाला रोगाचे नाव नावानेच सांगितले पाहिजे, कारण ते नाव त्याने औषधाच्या डबीवर, केंद्राच्या पाटीवर किंवा वर्गातील धड्यात वाचलेले असण्याचा पुष्कळ संभव असतो.

६

न सांगणाऱ्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ‘पोरगं लहान हाय, कुठंतरी बोलून बसंल,’ असे म्हणणारी आजी अज्ञानाने बोलत नाही. खेड्यात आजाराचे गुपित एकट्या मुलाचे नसते. त्यात मेलेल्या मुलाची अब्रू असते, सुनेविषयीची कुजबूज असते, घरातील अविवाहित मुलीचे लग्न असते. मुलाला सांगणे म्हणजे सबंध घराचे गुपित त्याच्या हाती देणे होय. मार्गदर्शिका मुलाच्या वयाचा विचार करतात, परंतु त्याच्या गावाचा करीत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. गावाचे भयही काल्पनिक नव्हे. रवी बापटले यांनी २००७ साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे सुरू केलेल्या ‘सेवालय’ या संस्थेतील मुलांच्या शाळाप्रवेशास २००९ साली विरोध झाला होता.

तथापि या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे : सांगितले नाही तर मुलाला कळणार नाही. हे गृहीतक टिकणारे नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांविषयी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले, की कोणी काही न सांगताही ही मुले आपला आजार आणि त्याचा शेवट जाणत होती. मोठ्या माणसांना दुःख होऊ नये म्हणून ती ठाऊक नसल्याचा बहाणा करीत. त्याआधी ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६५ मध्ये मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात अशा परस्परांनी चालविलेल्या बहाण्याचे वर्णन केलेले आहे. म्हणजे घरासमोर ‘सांगावे की न सांगावे’ असा पर्याय नसतोच. पर्याय असतो तो ‘सांगणे’ आणि ‘नुसतेच कळणे’ यांच्यात. नुसते कळलेल्या मुलाला प्रश्न विचारता येत नाही, कारण प्रश्न विचारणे म्हणजे आपणास कळले आहे हे कबूल करणे होय. ते एकटे राहते आणि पुष्कळदा वयात येताच गोळ्या टाकून देते. ज्या औषधाचे कारण कोणी सांगितले नाही, ते घेत राहण्याचेही कारण त्याला उरत नाही.

विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्थापन केलेले ‘मानव्य’, मंगल शहा यांनी पंढरपुरात उभी केलेली ‘पालवी’ किंवा हासेगावचे ‘सेवालय’ अशा निवासी संस्थांत हे एकटेपण काही अंशी कमी होते, कारण तेथे सर्वांच्याच गोळ्यांची वेळ एक असते आणि ‘आपण’ हे सर्वनाम सहज उपलब्ध असते. घरी वाढणाऱ्या मुलाला ते सर्वनाम कोणीतरी मुद्दाम द्यावे लागते.

कायद्याची साक्षही येथे उद्बोधक आहे. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. शिक्षणात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे, आणि संमतीवाचून कोणाची स्थिती इतरांस सांगण्यावर निर्बंध घातला आहे. त्याच अधिनियमात एक तरतूद अशी आहे, की बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारे, पुरेशी समज असलेले, बारा वर्षांहून मोठे परंतु अठरा वर्षांखालील भावंड धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँकेचे खाते इत्यादी व्यवहार करू शकते. आईवडील गमावलेल्या घरांची वस्तुस्थिती ओळखून ही तरतूद केली गेली. ज्या वयात कायदा मुलाला धाकट्या बहिणीच्या उपचाराचा निर्णय घेण्यास समर्थ मानतो, त्याच वयात ते स्वतःच्या औषधाचे नाव ऐकण्यास असमर्थ आहे, असे म्हणणे तर्काला धरून होत नाही.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. सांगण्याची भाषा ‘उघड करणे’ या अपराधसूचक क्रियापदातून सोडविली पाहिजे. मार्गदर्शिका भाषांतरित करून भागणार नाही. त्या मराठीत, आणि शक्य तेथे त्या त्या बोलीत, नव्याने लिहिल्या पाहिजेत, म्हणजे ‘आपण’, ‘पथ्य’, ‘राखण’ यांसारखी साधने त्यांत येतील आणि ‘लागण’, ‘बाधा’ या शब्दांचे स्थानिक अर्थ दुर्लक्षित राहणार नाहीत. सांगण्याच्या प्रत्येक टप्प्यात आजाराच्या माहितीइतकीच जागा ‘हे कोणाला सांगावयाचे’ या प्रश्नाला दिली पाहिजे, कारण घराला वाटणाऱ्या भयाचे खरे उत्तर तेथेच आहे.

किशोरवयीनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्याजोगी असणे हे या काळाचे भाग्य होय. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत आढळेनासे झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास दिला जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. योग्य उपचार घेणाऱ्या बाधित स्त्रीला निरोगी मूल होण्याची पूर्ण शक्यता असते. २००४ पूर्वीच्या आईला ही वाक्ये उपलब्ध नव्हती. तिचे मौन समजण्यासारखे होते. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला लग्न होईल का, मूल होईल का, असे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे आशादायक आहेत. परंतु आधीचे वाक्य कोणी तिला उद्देशून उच्चारलेलेच नसेल, तर हे प्रश्न विचारण्यासाठी तिला जागा मिळत नाही, आणि तयार असलेली उत्तरे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. भाषेच्या अभ्यासकांनी वैद्यकाच्या अभ्यासकांबरोबर बसून करावयाचे काम ते हेच होय.